हुज्जत घातली

घारगेला दोघांनी दंडाला धरून आत आणलं आणि ठाण्यातल्या सगळ्यांना एकदम शिंका सुरू झाल्या. मला, पहाऱ्यावरच्या शिपायाला, कोठडीतल्या दोन जुगाऱ्यांनासुद्धा. त्याच्या डोक्यापासून शर्टाच्या खिशापर्यंत लालभडक मिरची पूड होती आणि डोळे इतके सुजले होते की हा मंडई गल्लीतला सीडीच्या दुकानाचा हणमंत घारगे आहे हे मला आवाजावरून ओळखावं लागलं. मेलो, आंधळा झालो, असं तो सारखं म्हणत होता. मी त्याला मागच्या नळाखाली नेऊन बसवलं. पाणी लागलं तसा तो जास्तच ओरडायला लागला.

त्याचं ओरडणं चालू असतानाच शालन बोंद्रे आल्या. एकट्या, चालत, भर दुपारच्या उन्हात. त्यांच्या हातात रिकामं घमेलं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर, स्टेशन डायरीच्या शेजारी ठेवलं आणि पदरानं तोंड पुसून समोरच्या बाकावर बसल्या.

"घ्या हवालदार," त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं तसं केलं."

मी चटकन साहेबांच्या खोलीकडे बघितलं. दार बंद होतं. जेवणानंतर साहेब तासभर चिंतन करायचे आणि तेव्हा दार बंदच असायचं.

मी मुरलीधर खोपडे. तेव्हा चिंचणगाव पोलीस ठाण्यात हवालदार होतो आणि माझ्याकडे रायटरचं काम होतं. म्हणजे चोर इतरांनी पकडायचे आणि मी ते कागदावर आणायचे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पंधरा वर्षांत मला कुणी खुर्चीवरून हलवलं नाही. बाहेरच्यांना वाटतं पोलिसाची ताकद दांडक्यात असते. तसं काही नसतं. गुन्हे दोन प्रकारचे. एक दखलपात्र, म्हणजे ज्यात तपास करावा लागतो, आरोपीला धरावं लागतं, वर अहवाल पाठवावा लागतो. दुसरा अदखलपात्र, म्हणजे नोंद करून कागदाची नक्कल हातात द्यायची आणि 'कोर्टात दाद मागा' म्हणून माणसाला वाटेला लावायचं. कुठला गुन्हा कुठल्या खणात पडणार हे एखाद्या शब्दावर ठरतं, आणि शब्द माझ्या हातात होते. 'काठीनं मारलं' लिहिलं की आमच्या मागे काम लागलं. 'काठी घेऊन अंगावर धावून आला' लिहिलं की सगळे घरी जायला मोकळे. तालुक्यातली गुन्हेगारी कमी करायची तर दोन वाटा असतात. गुन्हेगार पकडायचे, नाही तर चांगला रायटर ठेवायचा. आमच्या उबाळे साहेबांनी दुसरी वाट धरली होती, आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

बोंद्रेबाईंची मंडई गल्लीत पिठाची गिरणी होती. गाळा नगरपालिकेचा. नवरा वारल्यापासून सहा वर्षं त्या एकट्या ती चालवत होत्या. पलीकडे भिंतीला लागून घारगेचं सीडीचं दुकान. पीठ उडतं आणि माझा माल खराब होतो, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला तो गाळा हवा होता, दोन्ही मिळून मोठं दुकान करायचं होतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त आमच्या दप्तराला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा बाई आल्या त्या शिव्यांची तक्रार घेऊन. शिव्या तर काय, अदखलपात्रच. मी नक्कल दिली. दुसऱ्यांदा त्यांच्या गिरणीचा पट्टा कुणीतरी सुरीनं कापला होता. कुणीतरी म्हणजे कुणी, हे त्यांनी नावानिशी सांगितलं होतं. मी लिहिलं, 'पट्टा तुटलेला आढळून आला.' पट्टे तुटतातच. तिसऱ्यांदा त्यानं गिऱ्हाइकांचे दळणाचे डबे रस्त्यावर भिरकावले. त्याचं मी 'डबे सांडले' केलं. साहेबांनी घारगेला बोलावून चहा पाजला आणि समज दिली. आमच्याकडे समज देण्याची पद्धत फार होती. ज्याला त्याला आम्ही समज देत असू, त्यामुळे आमच्याकडे ती फारशी शिल्लक नसायची.

चौथ्या वेळी बाई आल्या तेव्हा बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, त्यानं आत येऊन हात धरला. मनगट. गिरणीत कुणी नव्हतं. सोड म्हटलं तर हसला, म्हणाला, गाळा सोड, मग हात सोडतो.

आता 'हात धरला' हे फार अवघड वाक्य आहे. बाईमाणसाचा हात धरला की विनयभंग होतो आणि विनयभंग दखलपात्र. मार्चची अखेर होती, वर्षाचे आकडे वर जायचे होते. मी पेन झटकलं आणि लिहिलं, 'गैरअर्जदार याने अर्जदार हिचेशी गाळ्याचे कारणावरून हुज्जत घातली.' नक्कल फाडून पुढे केली.

बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, हे मला उशिरा कळलं.

"हुज्जत म्हंजी काय ओ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "वाद. भांडण."

"मी कुठं भांडले? त्यानं हात धरला."

मला राग आला. पब्लिकनं कागद घ्यावा आणि जावं, त्यातले शब्द काढत बसू नये, अशी आमची साधी अपेक्षा असते. मी त्यांना चांगलं सुनावलं. ठाण्यात माणसं चौदा, गावं बेचाळीस. पोलीस काय तुमच्या जात्याशेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत का? बाईमाणसानं एकटीनं दुकान चालवायचं म्हटलं तर आपली काळजी आपण घ्यायला नको? गेल्याच महिन्यात साहेबांनी महिला सुरक्षा सप्ताहात भाषण केलं होतं, ते ऐकलं नाही का? मिरची पूड जवळ ठेवा. तुमच्याकडे तर मिरची कांडायचा डंका आहे, तुम्हाला बाहेरून आणायचीसुद्धा गरज नाही. पुन्हा आला तर टाका डोळ्यांत आणि मग या माझ्याकडे, मी बघतो काय करायचं ते.

शेवटचं वाक्य मी उगाच बोललो. माणूस उठून जावा म्हणून आम्ही असं काहीबाही बोलतो. बाईंनी ते मनावर घेतलं. गुणी विद्यार्थिनीनं गृहपाठ करावा तसं त्यांनी ते करून आणलं होतं, आणि आता घमेलं माझ्या टेबलावर होतं.

साहेबांचं चिंतन शिंकांनी मोडलं. बाहेर येऊन त्यांनी घारगेकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं आणि बाईंना विचारलं की हे तुम्ही केलं का. बाई म्हणाल्या, होय.

"कायदा हातात घेतलात?"

"न्हाई सायेब, घमेलं घेतलं हुतं."

पहाऱ्यावरचा शिपाई हसला आणि मग शिंक आल्यासारखं केलं. साहेब तापले. नागरिकांनी सतर्क राहायचं असतं, म्हणजे सतर्क राहून पोलिसांना कळवायचं असतं, असं त्यांनी बाईंना समजावलं. बाई म्हणाल्या, चार येळा कळवलं. मग साहेबांनी स्वसंरक्षणाची मर्यादा काढली. चिमूटभर टाकली असती तर स्वसंरक्षण झालं असतं, घमेलंभर टाकली म्हणजे हल्ला झाला. बाई म्हणाल्या, चिमटीत घ्यायला दुसरा हात मोकळा नव्हता, तो त्यानं धरला होता. जे पुढ्यात होतं ते उचललं. पाटलांच्या घरची वर्षाची चटणी होती, त्यांना आता काय सांगू, याची त्यांना खरी काळजी लागली होती.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. घारगेचा मेहुणा नगरपालिकेत सभापती होता आणि त्याचा फोन येऊन गेला होता. साहेब म्हणाले, तीनशे चोवीस लावा, घातक पदार्थाने दुखापत. दखलपात्र. बाईला अटक दाखवा. पंचनाम्यात मिरचीचा प्रकार लिहा, ब्याडगी आहे की लवंगी, त्यावर इजेचं गांभीर्य ठरतं.

गुन्हा दाखल झाला तर काय होणार हे मला माहीत होतं. नगरपालिकेच्या करारात अट होती, फौजदारी गुन्हा असेल तर गाळा रद्द. म्हणजे घारगेला दोन दिवस डोळ्यांत थेंब घालायचे आणि तिसऱ्या दिवशी भिंत पाडायची. बाईंना दुसरं काही नव्हतं. घर भाड्याचं, मूलबाळ नाही, गिरणी तेवढी होती.

मी जबाब लिहायला बसलो. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. लिहून झाल्यावर पद्धतीप्रमाणे खाली टाकलं, 'माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे,' आणि सही करा म्हणून कागद सरकवला. वाचून दाखवायची पद्धत नव्हती, वाचून दाखवला असं लिहायची होती. बाईंनी कागद उचलला आणि स्वतःच वाचायला लागल्या. बोट ठेवून, ओळ न ओळ.

"दोन गोष्टी ऱ्हायल्या," त्या म्हणाल्या. "त्यानं हात धरला त्ये न्हाई. आन तुमी मिरची टाका म्हणालात त्येबी न्हाई."

मी हळू आवाजात म्हणालो, "बाई, मी ते तसं म्हणालो नव्हतो."

"म्हणालात की. मागच्या मंगळवारी. त्या पंख्याखाली."

"तसं लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"आन न्हाई लिवलं तर माझी गिरणी जाईल."

त्यांनी हे शांतपणे सांगितलं, पिठाचा भाव सांगावा तसं, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. मी दटावून बघितलं, समजावून बघितलं. सही केली नाही तर 'सही करण्यास नकार' असं लिहीन म्हणालो. लिवा, म्हणाल्या, पण मग खाली का नकार दिला त्येबी लिवा. तासभर हे चाललं. माझ्या कपाळाला घाम आला होता. पुसायला हात लावला आणि हाताची मिरची डोळ्यात गेली. एक डोळा मिटून मी भिंतीकडे बघत बसलो आणि त्या मिटल्या डोळ्यानंच मला वाट दिसली म्हणायची.

भिंतीवर साहेबांनी स्वतः लावून घेतलेलं साप्ताहिकाचं कात्रण होतं. हार घातलेले साहेब, मागे महिला मंडळ, आणि वर मोठ्या टायपात: 'प्रत्येक महिलेने मिरची पूड बाळगावी आणि बेधडक वापरावी, पो. नि. उबाळे यांचे आवाहन.' हे भाषणही मीच लिहिलं होतं. 'बेधडक' हा शब्द साहेबांनी आपल्या हातानं घातला होता.

मी कात्रण काढलं, आत गेलो आणि साहेबांच्या पुढे ठेवलं. म्हणालो, साहेब, बाई कोर्टात हे दाखवेल. सभापतींना वाईट वाटेल हे खरं, पण हे जिल्ह्याच्या पेपरात आलं तर एस. पी. साहेबांना जास्त वाईट वाटेल.

साहेबांनी कात्रण दोनदा वाचलं. त्यांची बढतीची फाईल वर होती. बराच वेळ त्यांनी पेपरवेट फिरवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खोपडे, तुमच्या लेखणीला काय कमी आहे? मार्ग काढा."

मी मार्ग काढला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार काम होतं, तेव्हा तरी मला तसं वाटलं. लिहिलं की अर्जदार आणि गैरअर्जदार यांच्यात गाळ्याच्या कारणावरून हुज्जत झाली, त्या गडबडीत अर्जदार हिच्या हातातील मिरची पुडीचं घमेलं निसटून पूड गैरअर्जदार याच्या अंगावर सांडली, कुणाचीही कुणाविरुद्ध तक्रार नाही, दोघांना समज देण्यात आली. तीनशे चोवीस गेलं, अटक गेली, भाषण गेलं, मी गेलो. अदखलपात्र.

घारगेला मी नक्कल दिली. त्याला ती वाचता येईना, डोळे उघडत नव्हते. काय लिहिलंय, असं तो विचारत होता. मी म्हणालो, कोर्टात दाद मागा. तो म्हणाला, अहो माझे डोळे गेले. मी म्हणालो, आपली काळजी आपण घ्यायला पाहिजे, बाईमाणूस घमेलं घेऊन उभं असताना इतक्या जवळ जाऊ नये. शिपाई खिदळले. ठाण्यात असा आनंदाचा दिवस क्वचित येतो. मेहुण्याच्या गाडीत बसून घारगे गेला आणि मी बाईंसाठी चहा सांगितला. पंधरा वर्षांत हेही पहिल्यांदाच. मला खरंच बरं वाटत होतं. एका बाईची गिरणी मी शब्दाच्या जोरावर वाचवली होती आणि आता ती आभार मानेल, मी नको नको म्हणेन, असं मनात चाललं होतं.

बाईंनी चहाला हात लावला नाही. त्या कागद वाचत होत्या, पुन्हा बोट ठेवून.

"हात धरल्याचं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं समजावलं. दोन्ही बाजू सारख्या धरल्याशिवाय हे जमणार नव्हतं. त्यानं हात धरला असं लिहिलं असतं तर तो दखलपात्र झाला असता, मग त्यानं मिरचीची तक्रार सोडली नसती. तुमचा गुन्हा जावा म्हणून त्याचाही घालवावा लागला.

"माझा गुन्हा कुठला?"

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"मिरची सांडली म्हंता," बाई म्हणाल्या. "सांडली न्हाई. टाकली. सहा वर्सांत येकच काम मी न भिता केलं, त्येबी तुमी सांडून टाकलं. आन उद्या त्यो परत आला, तर आता म्या काय करू त्ये सांगा. मिरची टाकू का नगं?"

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. टाका म्हणालो असतो तर ते पुन्हा माझ्यावर आलं असतं, टाकू नका म्हणालो असतो तर मग काय करा हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "सावध राहा."

बाईंनी मान हलवली आणि पेन मागितलं. सही करायला त्यांनी उजवा हात कागदावर ठेवला तेव्हा बाही वर सरकली. मनगटावर चार बोटं उठली होती, लालनिळी, आणि फुटलेल्या काकणाची एक चीर होती, तिच्यावर रक्त वाळलेलं. त्यात मिरची गेली असणार. दुपारपासून त्या समोर बसल्या होत्या. घारगेच्या डोळ्यांचं वर्णन मी चार ओळी केलं होतं, डॉक्टरची चिठ्ठी जोडली होती. हे मनगट मी बघितलंच नव्हतं, कारण बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं. आता बघितलं, आणि तरी कागद मागे घेतला नाही. त्यांनी सावकाश, जोडाक्षर न चुकता 'शालन महादेव बोंद्रे' लिहिलं आणि घमेलं उचलून त्या निघून गेल्या. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर त्या ठाण्यात आल्या नाहीत. मंडईत जाताना मी गिरणीवरून जायचं टाळत होतो, त्यामुळे शटर कधीपासून बंद आहे हे मला नेमकं सांगता येणार नाही. श्रावणाच्या सुमारास कळलं की जातं आणि डंका विकून त्या भावाकडे तासगावला गेल्या. शेवटच्या महिन्यात गिरणीत काय काय झालं हे गल्लीत कुणीतरी सांगायला लागलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. तोंडी ऐकलेल्याची नोंद होत नसते. दिवाळीत घारगेच्या मोठ्या दुकानाचं उद्घाटन झालं. फीत साहेबांनी कापली. काळा चष्मा लावून घारगे शेजारी उभा होता, त्याला तो शोभत होता.

पुढच्या मार्चमध्ये वर्षाचा अहवाल लिहायला बसलो. गल्लीवार तक्ता असतो, गेल्या वर्षीचा आकडा आणि चालू वर्षीचा. मंडई गल्लीपुढे महिलांच्या तक्रारी या रकान्यात गेल्या वर्षी चार होत्या. चालू वर्षाच्या घरात काय लिहावं हे बघायला मी वर्षाचे कागद चाळले. मिरचीच्या कागदावर शेवटी कुणाचीच तक्रार नव्हती, तसं मीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे तो धरता येत नव्हता. दुसरी काही आली नव्हती. तेव्हा मी आमच्या पद्धतीप्रमाणे, मोत्यासारख्या अक्षरात, 'निरंक' असं लिहिलं. जिल्ह्यात एवढी घट दुसऱ्या कुठल्याच ठाण्यात नव्हती. साहेबांना बढती मिळाली आणि मला प्रशस्तिपत्र. त्यात लिहिलं होतं की माझ्या प्रयत्नांमुळे परिसरातल्या महिला निर्धास्त झाल्या आहेत.